योसेफाने तिला घरी आणले
आगमनकाळाचा चौथा रविवार (शुभवर्तमान : मत्तय १:१८-२४)



आज आगमनकाळाची चौथी मेणबत्ती पेटली. घरोघरी नाताळचे गोठे उभे राहत आहेत. मरिया आणि योसेफ यांच्या मूर्ती आपण गोठ्यात शेजारी शेजारी मांडतो. दरवर्षी मांडतो, म्हणून त्यात काही विशेष वाटत नाही. परंतु आजचे शुभवर्तमान सांगते की ही दोघे शेजारी उभी राहणारच नव्हती. एका रात्रीपुरते का होईना, योसेफाने तिला सोडायचे ठरवले होते.

त्या काळची यहुदी रीत समजून घेऊ या. वाङ्‌निश्चय झाला की मुलगा-मुलगी कायद्याने पती-पत्नी मानली जात. तरीही मुलगी काही महिने माहेरीच राही आणि नंतर वाजतगाजत नवऱ्याच्या घरी येई. हे नाते मोडायचे तर सूटपत्रच द्यावे लागे. शुभवर्तमानात मरियेचे वय सांगितलेले नाही, पण त्या काळी मुलींचे वाङ्‌निश्चय साधारण बारा-चौदाव्या वर्षी होत असत. म्हणजे आपल्या आठवी-नववीच्या वर्गातले वय. अशा मुलीला सासरी जाण्याआधीच दिवस गेले आहेत, हे नाझरेथसारख्या लहान खेड्यात कळले. अनुवादाच्या पुस्तकातील बाविसाव्या अध्यायात अशा मुलीसाठी दगडमाराची शिक्षा लिहिलेली होती.

मरियेच्या उदरातील बाळ पवित्र आत्म्याच्या सामर्थ्याने होते. तिची बरोबरी आपण कोणाशीही करत नाही. पण शेजाऱ्यांना पवित्र आत्मा दिसत नव्हता, त्यांना फक्त पोट दिसणार होते. म्हणूनच आपल्या गावात, आपल्या वाडीत, एखाद्या लहान वयाच्या मुलीला नको असताना दिवस जातात, तेव्हा घरच्यांनी कसे वागावे हे आजच्या वाचनातून शिकता येते. हा विषय आपण वेदीवरून क्वचितच काढतो. न काढल्यामुळे तो संपलेला नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ६.८ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. त्यांतील बहुतेक लग्न झालेल्या आहेत हे खरे, परंतु सगळ्या नाहीत.

झाकणे आणि घरात घेणे

मत्तय म्हणतो की योसेफ नीतिमान होता आणि तिची बेअब्रू व्हावी असे त्याला वाटत नव्हते, म्हणून तिला गुपचूप सोडण्याचा त्याने विचार केला. आपल्याला वाटते, किती चांगला माणूस! आरडाओरड नाही, पंचायत नाही. आणि तो चांगला होताच. पण देवाला तेवढे पुरे वाटले नाही. देवदूताने त्याला स्वप्नात सांगितले की भीती सोड आणि तिला आपल्या घरी आण.

गुपचूप सोडून देणे ही आपल्याकडच्याही चांगल्या, अब्रूदार घरांची रीत आहे. मुलीला कुठेतरी लांब पाठवायचे, कुणाला कळू द्यायचे नाही, सगळे उरकले की परत आणायचे आणि पुन्हा त्यावर शब्द काढायचा नाही. लोकांना काही कळत नाही, घराची अब्रू राहते. पण त्या सगळ्यात मुलगी एकटी पडते. झाकणे ही दया वाटते, पण प्रेमाला त्याच्या एक पाऊल पुढे जावे लागते. योसेफ झोपेतून उठला आणि तिला घरी घेऊन आला. शुभवर्तमानात योसेफाचा एकही शब्द नाही. त्याने बोलून काही केले नाही, घरात जागा दिली.

कसे ओळखावे

आधी व्यवहाराचे बोलू. पाळी चुकणे ही पहिली खूण. त्याबरोबर सकाळी मळमळ, थकवा, छाती दुखरी होणे, वारंवार लघवीला जावे लागणे. परंतु पाळी सुरू झाल्यावरची पहिली काही वर्षे ती अनियमितच असते, म्हणून कित्येक मुलींच्या लक्षातच येत नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत थोडा रक्तस्राव झाला तर तीच पाळी समजली जाते. काही मुलींना समजते, पण भीतीने त्या स्वतःलाही सांगत नाहीत. सैल कपडे घालतात, जेवण कमी करतात, शाळेला दांडी मारतात, आईच्या नजरेला नजर देत नाहीत.

मातांनो, पाळी चुकली म्हणजे दिवस गेलेच असे नाही. परीक्षेचा ताण, थायरॉईड, अंडाशयाचे विकार यांमुळेही ती चुकते. म्हणून एकदम आरोप करू नका. मेडिकल स्टोअरमध्ये लघवीच्या तपासणीची पट्टी मिळते. पाळीची तारीख उलटून गेल्यावर, सकाळच्या पहिल्या लघवीवर तपासणी केली तर ती बऱ्यापैकी विश्वासार्ह असते. उत्तर 'नाही' आले आणि तरीही पाळी आली नाही, तर आठवड्याने पुन्हा करावी. उत्तर काहीही आले तरी एकदा स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावेच. किती आठवडे झाले हे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात आणि सोनोग्राफीने त्याची खात्री होते.

आणि मुली, तू हे वाचत असशील तर तुला एकच सांगतो. एकटी राहू नकोस. आज, उद्यापर्यंत न थांबता, एका मोठ्या माणसाला सांग. आईला सांगण्याची हिंमत होत नसेल तर मावशीला, आत्याला, आजीला, तुझ्या धर्ममातेला, शाळेतल्या बाईंना किंवा सिस्टरांना सांग. तोंडाने बोलवत नसेल तर कागदावर लिहून दे. कुणीच जवळचे वाटत नसेल तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन आहे, त्याला पैसे पडत नाहीत. मेडिकलमधून कुणी आणून दिलेल्या गोळ्या मात्र घेऊ नकोस. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेतलेल्या अशा गोळ्यांनी मुली रक्तस्रावाने दगावू शकतात.

पहिली रात्र

मुलगी सांगते ती रात्र आईबापांच्या आयुष्यात फार जड असते. राग येतो, रडू येते, लोक काय म्हणतील हा विचार आधी येतो. ते स्वाभाविक आहे. पण त्या रात्री तोंडातून निघालेला शब्द मुलगी जन्मभर विसरत नाही. आईबापांनो, हात उगारू नका. 'घरातून चालती हो' असे म्हणू नका. 'तू आम्हांला मेलीस' असे म्हणू नका, कारण खरोखर जीव द्यायला निघालेली मुलगी ते वाक्य आज्ञा म्हणून ऐकते. बोलवत नसेल तर योसेफासारखे गप्प राहा, पण तिला जेवायला वाढा आणि तिच्या खोलीत कुणीतरी झोपा.

उत्पत्तीच्या सोळाव्या अध्यायात हागार नावाची दासी आहे. ती गरोदर असताना सारायच्या जाचाला कंटाळून रानात पळून गेली. शूरच्या वाटेवर, पाण्याच्या झऱ्याजवळ देवदूताने तिला गाठले. त्याने तिला विचारले ते असे की तू कुठून आलीस आणि कुठे चाललीस. देवदूताने आधी तिला स्वतःची गोष्ट सांगू दिली. तेव्हा त्या दासीने देवाला एक नाव दिले. आपल्याला पाहणारा देव, असे ते नाव आहे. पळून चाललेल्या एका गरोदर दासीने देवाला नाव ठेवले आणि ते पवित्र शास्त्रात राहिले!

पहिल्या रात्री आपलेही प्रश्न तसेच असावेत. तुला काही दुखतेय का? तुला भीती कुणाची वाटते? तुझ्यावर कुणी जबरदस्ती केली का? हा शेवटचा प्रश्न फार हळुवारपणे विचारावा लागतो. कारण अपराधी पुष्कळदा ओळखीचा, घरात ये-जा असणारा, कधी नात्यातलाच असतो आणि त्याने तिला गप्प राहण्याची धमकी दिलेली असते. अशा मुलीला 'तू काय केलेस?' असे विचारणे म्हणजे जखमेवर दगड मारणे होय.

डॉक्टर आणि कायदा

मुलगी अठरा वर्षांच्या आतली असेल, तर २०१२ चा पॉक्सो कायदा लागू होतो. तिची संमती होती असे म्हटले तरी कायदा ती संमती मानत नाही. डॉक्टरांना पोलिसांना कळवावेच लागते. या भीतीने काही कुटुंबे मुलीला दवाखान्यातच नेत नाहीत आणि मग मुलगी न्हाणीघरात एकटी बाळंत झाल्याच्या बातम्या आपण वाचतो. म्हणून कायद्याची दुसरी बाजूही माहीत असू द्या. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. मुलीला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. तिची वैद्यकीय तपासणी स्त्री डॉक्टरांनी, आईवडील किंवा विश्वासातले माणूस जवळ असताना करायची असते. तिचे नाव, फोटो, शाळा वर्तमानपत्रांना छापता येत नाही. हे सर्व हक्काने मागा.

कळवण्याची ही जबाबदारी फादर, सिस्टर आणि शिक्षक यांच्यावरही आहे. पापनिवेदनात ऐकलेली गोष्ट धर्मगुरू कुणालाही सांगू शकत नाहीत, तो नियम कधीच मोडता येत नाही. पण पापनिवेदनाबाहेर मुलगी बोलायला आली, तर आपल्याला काय करावे लागेल हे तिला आधीच प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे आणि पुढे प्रत्येक पायरीवर तिच्याबरोबर गेले पाहिजे.

लहान वयातील गरोदरपणात धोका अधिक असतो. पंडुरोग, रक्तदाब वाढून झटके येणे, वेळेआधी प्रसूती, कमी वजनाचे बाळ, हे सर्व या वयात जास्त आढळते. म्हणून तपासणी चुकवू नये. फॉलिक अ‍ॅसिड आणि लोहाच्या गोळ्या, हिमोग्लोबिन, रक्तदाब, धनुर्वाताचे इंजेक्शन, किमान चार तपासण्या, एवढे तरी झालेच पाहिजे. सरकारी रुग्णालयात प्रसूती मोफत होते, शस्त्रक्रिया करावी लागली तरीही. अंगावरून रक्त जाणे, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, झटके किंवा पोटात असह्य दुखणे यांपैकी काहीही झाले तर वाट न पाहता १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी.

मुलगा कुठे आहे?

मत्तयाच्या पहिल्या अध्यायात येशूची वंशावळ आहे. वाचताना आपण ती भराभर वाचतो. तीत तामारचे नाव आहे. उत्पत्तीच्या अडतिसाव्या अध्यायात तिची गोष्ट येते. विधवा तामार गरोदर आहे हे कळताच तिचा सासरा यहूदा याने तिला बाहेर काढून जाळून टाकण्याचा हुकूम सोडला. तेव्हा तिने त्याची मुद्रा, दोरा आणि काठी पुढे केली. बाळाचा बाप यहूदाच होता! त्या वस्तू पाहून तो वरमला आणि ती आपल्यापेक्षा नीतिमान आहे असे सर्वांसमक्ष म्हणाला.

आजही जाळण्याचा हुकूम मुलीवर आणि मुलाला सूट, असाच आपला न्याय असतो. मुलगा कॉलेजला जातो, क्रिकेट खेळतो, नाताळच्या नाटकात काम करतो. मुलगी खिडकी लावून घरात बसते. मुलग्यांच्या आईवडिलांनो, 'आमचा मुलगा तसा नाही' हे वाक्य तोंडावर येण्याआधी यहूदाची काठी आठवा. कायद्यासमोर खरे बोलणे, खर्चाची जबाबदारी उचलणे, मुलीची बदनामी थांबवणे, एवढे तरी त्या घराकडून झाले पाहिजे.

लग्न लावून दिले की प्रश्न मिटला, असेही नाही. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानुसार मुलगी अठरा आणि मुलगा एकवीस वर्षांचा असावा लागतो. शिवाय दडपणाखाली किंवा मोठ्या भीतीने दिलेली लग्नाची संमती चर्चच्या कायद्यानुसारही वैध नाही. घाबरलेल्या दोन मुलांना वेदीसमोर उभे केले म्हणजे विवाह संस्कार होतो असे समजू नये.

पोटातला जीव

चर्चची शिकवण आपणा सर्वांना माहीत आहे. गर्भधारणेपासून मानवी जीवन पवित्र आहे. देशाचा कायदा ठरावीक आठवड्यांपर्यंत गर्भपाताला परवानगी देतो, पण चर्च तो मार्ग स्वीकारत नाही. १९९५ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी 'जीवनाचे शुभवर्तमान' या परिपत्रकात हे ठामपणे मांडले. हे मी मऊ करून सांगणार नाही.

पण बंधू-भगिनींनो, एक गोष्ट आपण स्वतःला विचारू या. घाबरलेल्या मुलीला गर्भपाताकडे कोण ढकलते? बहुतेक वेळा आपली जीभ ढकलते. विहिरीवर, मासळी बाजारात, मिस्सेनंतर चर्चच्या आवारात चालणारी कुजबुज ढकलते. जिवाच्या बाजूने आपण घोषणा देतो आणि तो जीव पोटात घेऊन उभ्या असलेल्या मुलीकडे पाठ फिरवतो. मग ती आपल्या शिकवणीवर विश्वास कसा ठेवणार? बाळाला वाचवायचे असेल, तर आधी त्याच्या आईला भीतीतून सोडवावे लागते.

बाळ सांभाळणे शक्य नसेल, तर तेही पाप नाही. बालकल्याण समितीसमोर बाळ रीतसर सुपूर्द करता येते. त्यानंतर फेरविचारासाठी दोन महिने मिळतात आणि मग कायद्याने दत्तकविधान होते. बाळ परस्पर कुणाच्या ओटीत घालणे, पैसे घेऊन देणे हा मात्र गुन्हा आहे. आणि बाळ ठेवायचे की द्यायचे हे ठरवताना त्या मुलीचे म्हणणे सर्वांत आधी ऐकून घ्या. बाळ तिचे आहे.

ज्या भगिनीने पूर्वी कधी गर्भपात केला असेल आणि ते ओझे आजही वाहत असेल, तिने घाबरू नये. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये जगातील सर्व धर्मगुरूंना या पापाची क्षमा देण्याचा अधिकार दिला. पापनिवेदनाचे दार तिच्यासाठी उघडे आहे.

आपल्या धर्मग्रामाची परीक्षा

देवदूत निघून गेल्यावर मरिया डोंगराळ प्रदेशात एलिझाबेथच्या घरी गेली आणि सुमारे तीन महिने तिथे राहिली. एलिझाबेथने तिला पाहताच आशीर्वाद दिला. मुलीला काही दिवस दुसऱ्या घरी ठेवावे लागले, तर ते घर असे असावे. जिथे तिला लपवले जाते ते घर वेगळे आणि जिथे तिचे स्वागत होते ते वेगळे. आपल्या महिला मंडळातील एखादी अनुभवी भगिनी अशी एलिझाबेथ होऊ शकते. दवाखान्यात सोबत जाणे, रांगेत उभे राहणे, रात्री फोन उचलणे, यासाठी पदवी लागत नाही.

शाळेचे दारही बंद होऊ नये. शाळा सुटली तरी १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावीची परीक्षा बाहेरून देता येते. मुलीने शिकले पाहिजे. तिचे आयुष्य सोळाव्या वर्षी संपलेले नाही.

बाळाच्या स्नानसंस्काराबद्दलही लोक विचारतात. लग्न न झालेल्या आईच्या बाळाला स्नानसंस्कार मिळतो. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाची संमती आणि बाळ श्रद्धेत वाढेल अशी आशा, एवढे चर्चचा कायदा मागतो. २०१२ साली ब्युनोस आयर्सचे कार्डिनल असताना फ्रान्सिस यांनी अशा बाळांना परत पाठवणाऱ्या धर्मगुरूंना ढोंगी म्हटले होते. डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅटिकनच्या श्रद्धाविषयक विभागाने डॉमिनिकन प्रजासत्ताकातील एका बिशपांना लिहिलेल्या पत्रातही हेच स्पष्ट केले की अविवाहित मातांना संस्कारांकडे येण्याचे उत्तेजन मिळाले पाहिजे. लोकांच्या नजरेला भिऊन त्या दूर राहिल्या, तर त्यात आपले अपयश आहे.

शरीर, मैत्री, मोह यांविषयी आपण घरात मोकळेपणाने बोललो असतो, धर्मशिक्षणाच्या वर्गात शुद्धतेबरोबर स्वसंरक्षणही शिकवले असते, तर कित्येक मुली वाचल्या असत्या. ते काम आता तरी सुरू करू. पण आज ज्या मुलीला दिवस गेलेले आहेत, तिला उपदेशाआधी घर हवे आहे.

बंधू-भगिनींनो, येशूला दावीदाच्या वंशाचे नाव मिळाले ते योसेफामुळे. लोकांच्या नजरेला न भिता एका माणसाने एका गरोदर मुलीला आपल्या घरात घेतले, म्हणून आपल्या तारणाऱ्याला घर मिळाले. येत्या नाताळात गोठ्यात योसेफाची मूर्ती मरियेशेजारी ठेवताना हे मनात असू द्या आणि घरातल्या तरुण मुला-मुलींना जवळ बसवून एकदा स्पष्ट शब्दांत सांगा : 'काहीही झाले तरी आधी आम्हांला येऊन सांग. घर तुझेच आहे.'

प्रार्थना करू या : हे प्रेमळ पित्या, रानात एकट्या हागारकडे तू पाहिलेस, तसे आज भयभीत झालेल्या प्रत्येक मुलीकडे पाहा. तिच्या आईवडिलांना योसेफाचे धैर्य दे, तिच्या शेजाऱ्यांना एलिझाबेथची जीभ दे आणि तिच्या पोटातील जिवाला तुझ्या पंखाखाली ठेव. आम्हा सर्वांना दार उघडायला शिकव. आमच्या प्रभू ख्रिस्ताद्वारे. आमेन.